ग्लेनिसची हिरवी बादली

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्समध्ये डेंग्यूच्या धास्तीने साचलेलं पाणी दिसलं की माणसं आधी ओततात, मग विचारतात. ग्लेनिसच्या नवऱ्याने, मर्व्हने, तिच्या हिरव्या बादलीचं तेच केलं.

"अगं, डासांच्या अळ्या वळवळत होत्या!"

"डोळे फुटले होते का तुझे? माझे कोपेपॉड होते ते!"

धुळीच्या कणाएवढे हे समुद्री जीव ती मुद्दाम पोसायची. तिच्या काचेच्या टाकीतला मँडरीन मासा जिवंत घासाशिवाय तोंडच उघडत नसे.

"दुकानातले दाणे घाल की त्याला."

तिने समुद्राच्या पाण्याने बादली विसळली, ते पाणी बरणीत घेऊन उजेडात धरलं. चार-दोन ठिपके उड्या मारत होते. देवाने बियाण्यापुरते राखले होते. ते वाढेपर्यंत माशाला मात्र उपास.

"मासा जेवेपर्यंत," ती कडाडली, "तुझ्या ताटात दुकानातले दाणेच!"