फ्रीजरमधलं सणाचं जेवण

गल्लीत तिला सगळे कंडक्टरबाई म्हणायचे. ती निवृत्त झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. उभ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आणि जिभेला हाड नाही. तिला दुसऱ्या नावाने हाक मारायची कुणाची टाप होती?

सणाच्या दिवशी सगळं जग घरी बसतं, पण बस काही घरी बसत नाही. कुणाला तरी तिकिटं फाडावीच लागतात, आणि ते कुणीतरी म्हणजे दरवर्षी हीच. का, तर नोकरीला लागल्या लागल्या तिने ड्यूट्या लावणाऱ्या साहेबाला चारचौघांत सुनावलं होतं. त्याने डूख धरला तो धरलाच. माफी माग, सुटशील, असं सगळे सांगत होते. माफी? आणि ही मागणार? नाव सोडा!

मग तिने आपला मार्ग आपणच काढला. सणाच्या आधीच्या आठवड्यात कामावरून आली की बाह्या सरसावायची आणि ओव्हन लावायची. पांढऱ्या सॉसमधला फ्लॉवर, चीज घातलेली मॅकरोनी, कुस्करलेल्या बटाट्याचा थर दिलेल्या भाज्या. रोज एक ट्रे. सॉस मुद्दाम पातळ ठेवायचा, गोठल्यावर तो घट्ट होतो म्हणून. वर रंग चढायच्या आत ट्रे बाहेर काढायचा, पार गार होऊ द्यायचा, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ढकलायचा. तिची गाडी मुक्कामी असायची, आदल्या दुपारीच निघणारी. निघताना नवऱ्याला बजावायची, "संध्याकाळी ट्रे फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. रात्रभर बर्फ सुटू द्या. मगच ओव्हनमध्ये घाला. कळलं?"

नवरा मान डोलवायचा. परत आली की पायातल्या चपलाही न काढता विचारायची, "कसं झालं होतं?"

"एक नंबर!" नवरा म्हणायचा. मागून पोरंही म्हणायची, "मस्त!"

तेवढ्यावर तिचा सगळा शीण उतरायचा. आपण टेबलाशी नव्हतो तर नव्हतो, आपल्या हातचं तर होतं.

पुढे नवरा गेला, पोरं आपापल्या घरी गेली आणि यंदा ही निवृत्त झाली. म्हणजे हा पहिला सण घरचा! तरी बाईंनी आठवडाभर आधी ओव्हन लावलाच. शेजारीण म्हणाली, "आता कशाला गोठवताय? त्या दिवशी घरीच आहात की. ताजं करा."

"आणि दिवसभर स्वयंपाकघरात उभी राहू? जन्म गेला उभ्याने. यंदा मला पोरांबरोबर टेबलाशी बसायचंय, पहिल्या घासापासून. मला कुणी उठवून तर बघा!"

सण तोंडावर आला तसे मुलगा आणि लेक भेटायला आले. मुलाने बर्फ घ्यायला फ्रीजर उघडला आणि तसाच उभा राहिला. आत खच्चून फॉइलचे गठ्ठे. भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आई, अगं आम्ही हॉटेलात टेबल सांगून ठेवलंय," मुलगा म्हणाला. "तूही जरा आयतं खा."

"रद्द कर."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. घर माझं, जेवण तयार. सणाला मी हॉटेलात का जाऊ?"

मुलाने हळूच फ्रीजरचं दार लावलं. लेक मात्र आईचीच लेक.

"खरं सांगू? आम्हाला ते नकोय. कधीच आवडलं नाही. मधे बर्फ असायचा त्यात."

"बर्फ?"

"बाबा ट्रे तसाच ओव्हनमध्ये घालायचे. दरवर्षी विसरायचे. आम्ही कडेकडेचं खायचो, मधलं टाकून द्यायचो. आईला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल, असं ठरलं होतं आमचं." लेकीने फ्रीजरकडे बोट दाखवलं. "आणि ती फॉइल दिसली ना, की अजून रडू येतं. फॉइल म्हणजे तू घरी नाहीस."

बाई खुर्ची ओढून बसली. एक नंबर म्हणे! तिला आधी नवऱ्याचा असा संताप आला, की तो समोर असता तर त्याची धडगत नव्हती. एक काम सांगितलं होतं त्या माणसाला, एकच! मग डोळे भरून आले. पोरांच्या पोटात गेलं असं ती धरून चालली होती, ते कचऱ्यात गेलं होतं. वर तेच बघून पोरं रडत होती.

दुसरी कुणी असती तर मुकाट हॉटेलात गेली असती. हिने डोळे पुसले आणि उठून फ्रीजरला पाठ लावून उभी राहिली.

"ऐकलं तुमचं. आता माझं ऐका. हॉटेलात जायचं तर जा, पण आधी इथे यायचं. माझ्यासमोर एक घास खायचा. नाही आवडला, तर सगळे ट्रे माझ्या हाताने फेकीन आणि गुपचूप तुमच्याबरोबर येईन. परत या घरात फॉइल दिसणार नाही."

आदल्या दिवशी तिने ट्रे स्वतः खाली काढून ठेवले. येता-जाता बोट रुतवून बघत होती, बरोब्बर मधोमध. सणाच्या दिवशी वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरला आणि ओव्हन लावला. रंग चढला तशी सुरी मधोमध खुपसली आणि पातं मनगटाला लावून पाहिलं. चटका बसला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

पोरं हॉटेलचे कपडे घालूनच आली. बाई आधीच टेबलाशी बसली होती. लेकीने चमचा ट्रेच्या कडेला लावला. मुलाने दुसऱ्या कडेला. इतक्या वर्षांची खोड, ती काय अशी जाते?

"मधलं घ्या," आई म्हणाली.

"अगं, आई..."

"मधलं!"

लेकीने मधोमध चमचा घातला, उचलला आणि घाईने तोंडात टाकला. "हाय हाय हाय!" तिने तोंडापुढे हात हलवला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते काही थांबेना.

"भाजलं ना?" बाई म्हणाली. "भाजू दे!"

 मुलाने ट्रे पुढे ओढला आणि सगळं मधलंच वाढून घेतलं. कडा तशाच उभ्या. बाईनेही घास घेतला. मीठ जरा कमी पडलं होतं. आपलं हे जेवण टेबलाशी बसून ती आज पहिल्यांदाच खात होती.

एवढ्यात मुलाचा फोन वाजला. हॉटेलवाले विचारत होते, टेबल धरून ठेवायचं का? त्याच्या तोंडात घास होता, म्हणून फोन लेकीने घेतला.

"नाही, आम्ही येत नाही," ती म्हणाली. "छे हो, सगळे बरे आहेत. आज आमची आई घरी आहे."