दोन तळव्यांचं नाव

बाळांनो, रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो तेव्हा माझ्या मागून एक मुलगी घरात आली. तिच्याकडे वळून मी दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले. "आजी, हे काय केलंस?" असं तुम्ही विचारलंत. मी तिला हाक मारली. ते तिचं नाव आहे. ते अक्षरांत लिहिता येत नाही, म्हणून त्याची गोष्ट लिहिते.

निवृत्त झाल्यावर मी जळगावच्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत दर गुरुवारी चित्रांच्या गोष्टी घेऊन जात असे. तिथली मुलं एकमेकांना खुणेची नावं देत. एकाचं नाव गालावरची खळी, दुसऱ्याचं सारखा शर्ट खोचणं. माझं नाव चष्मा सरळ करणं. हे ठरवतं कोण, याचं मला फार कुतूहल.

"आम्ही नाही," तिथल्या बाई म्हणाल्या. "मुलंच देतात. जो त्यांच्यात मिसळतो त्यालाच."

ही मुलगी तेव्हा लहान होती, धुळ्याकडच्या खेड्यातली. घरी कुणाला खुणा येत नव्हत्या, त्यामुळे तिलाही नाहीत. मनातलं सांगता येईना, म्हणून ती ढकलायची, चावायची. दिवाळी उलटली तरी तिला नाव मिळालं नव्हतं.

वर्गाच्या दारातल्या मुलांच्या चपला मी ओळीनं लावायची. ती येऊन पायानं उधळायची. मी पुन्हा लावायची.

"तुम्हाला खेळगडी मिळाला बरं का, आजी," बाई हसायच्या.

एका गुरुवारी तिची आई तिचे कपडे भरून तिला घरी न्यायला रिकामी पिशवी घेऊन आली. "पोर रागीट शे, अक्का. लोकेसना पोरेसले मारस. इले मी घर लई जास."

"वर्ग सुटेपर्यंत तरी थांबा," बाई म्हणाल्या.

घंटेऐवजी तिथे असलेला वर्ग सुटल्याचा दिवा लागला. मुलगी सगळ्यांच्या आधी दारात पोचली. चपला उधळेल म्हणून मी पुढे झाले, तर तिनं एक जोड उचलून एका मुलीच्या पायांपुढे ठेवला. मग दुसरा, तिसरा. एकही चुकला नाही. म्हणजे उधळताना ही सगळं बघत होती? एका मुलानं मुद्दाम आपली एक चप्पल दुसऱ्याच्या चपलेशी बदलली. तिनं ती उचलून त्याच्या नाकापुढे नाचवली. मुलं खदखदून हसली, आणि तीही.

एका मुलीनं दोन्ही तळवे चपलांच्या जोडीसारखे शेजारी धरले आणि तिच्याकडे बोट केलं. बाकीच्यांनी तसंच केलं. मुलांनी आईलाही ती खूण शिकवली. आईनं पिशवी खाली ठेवली, लेकीच्या खांद्याला हात लावला आणि अवघडून तळवे शेजारी धरले. लेकीनं तीच खूण परत केली.

"इतला साल हाका मार्‍यात, माय," आई म्हणाली, "आज इनी ऐकं."

पिशवी रिकामीच परत गेली. मुलीनं त्या दिवशीच चपला का लावल्या, आईच्या हातातली पिशवी बघून की काय, ते मला अजून उमगलेलं नाही. मी तिला विचारलं, तर ती नुसती हसते.

आता ती जळगावातच नोकरी करते आणि रविवारी मला भेटायला येते. शाळा दुसऱ्या इमारतीत गेली, माझंही जाणं थांबलं. तिची आई रात्री तिला व्हिडिओ कॉल करते. आईचे हात अजून अडखळतात, पण कॉलची सुरुवात त्या दोन तळव्यांनीच होते.