केतुराचे दहा प्रश्न

रविवारची दुपार आहे. उपासनेहून आल्यापासून मी टेबलाशी बसलोय, आणि लिहिता लिहिता डोळे मिटतायत.

समोर केतुराचे दहा प्रश्न आहेत. केतुरा माझ्या थोरल्या भावाची, हनोखदादाची मुलगी. दादाला जाऊन चौदा महिने झाले. आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती, पुण्यात आमची मोजकीच घरं. केतुराने मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडली आणि जाताना इथल्या शाखाध्यक्षांना यादी पाठवली, आपल्या संदेष्ट्यांची कोणकोणती भाकितं खोटी ठरली त्याची. शाखाध्यक्ष मला म्हणाले, "सिलासभाऊ, तुम्हीच उत्तर द्या. तुमचा अभ्यास आहे."

अभ्यास आहे. तिचा पहिला प्रश्न अमेरिकेतल्या मिझुरीचा. आमचे पहिले संदेष्टे जोसेफ स्मिथ म्हणाले होते, तिथे याच पिढीत मंदिर उभं राहील. कुठे आहे ते? मी लिहिलंय, लोकांना तिथून हुसकावून लावलं गेलं आणि पुढे देवानेच त्यांना त्या कामातून मोकळं केलं. बाकीच्या प्रश्नांपुढे लिहिलंय की भाकिताला अट असते. बायबलमध्ये चाळीस दिवसांत नष्ट होणार म्हणून सांगितलेलं शहर पश्चात्तापाने वाचलं, म्हणून सांगणारा खोटा ठरत नाही.

उत्तरं बरोबर आहेत. ती लिहिताना मला काहीच वाटत नाही. दादा गेल्यापासून कशानेच काही वाटलेलं नाही.

"माझ्या वेळी अट कोणती होती रे?"

दादा समोरच्या खुर्चीत बसलाय. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा. दाढी वाढलेली. मला आश्चर्य वाटत नाही.

"कसली अट?" मी विचारतो.

"आशीर्वाद द्यायला तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास तेव्हाची."

आम्ही उपासनेच्या हॉलमध्ये आहोत. बाकांच्या जागी पलंग लावलेत, पांढऱ्या चादरींचे. दादा एकावर आडवा आहे आणि माझे हात त्याच्या डोक्यावर. केस गळालेत, कातडी गरम आहे. माझाच आवाज मला ऐकू येतो: हनोख, तू या आजारातून उठशील. तुझ्या मुलीचं लग्न तू पाहशील. वहिनी आमेन म्हणते.

"मग मी का उठलो नाही?" तो पडल्या पडल्या विचारतो. रागाने नाही. बस कधी सुटते असं विचारावं तसं. "माझा विश्वास कमी पडला?"

"नाही दादा."

"कसलं पाप राहून गेलं?"

"नाही रे."

"मग केतुराला हे काय लिहून देतोयस? अट होती म्हणून? ती पोरगी त्याचा अर्थ काय लावेल?"

मी हात काढून घ्यायला बघतो. खाली त्याचं डोकं नाहीच, लाकडी कठडा आहे. नागपूरच्या तिच्या होस्टेलचा जिना. वरच्या पायरीवर केतुरा बसलीय, पायाशी भरलेली बॅग, कानाला फोन. फोनमधूनही माझाच आवाज येतोय. येऊ नकोस, बेटा. पपाला वचन मिळालंय. परीक्षा देऊन ये.

ती बॅगेची चेन उघडते आणि एक एक कपडा बाहेर काढते.

"माझे सहा दिवस उरले होते," दादा माझ्या शेजारी उभा राहून म्हणतो. "मी दाराकडे बघत होतो."

"मला माहीत आहे."

"ते तुला देवाने सांगितलं होतं का, सिलास?"

जिन्यात फिनाइलचा वास आहे. मी कठडा धरून उभा राहतो.

"नाही," मी म्हणतो. "काहीच ऐकू आलं नव्हतं. मी थांबलो, वाट पाहिली, तरी काही नाही. मग मला जे हवं होतं ते मी बोललो."

"मला कळलं होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच. बरं वाटलं होतं ऐकून." तो थोडं हसतो. "पण तिला फोन करशील असं वाटलं नव्हतं."

"आणि मिझुरी?"

"ते उत्तर ठीक आहे. राहू दे. हे लिही."

कागद कुठेच नाही. तो माझा डावा हात ओढून घेतो आणि तळवा उघडतो. त्याची बोटं आता गार आहेत.

जागा होतो तेव्हा चार वाजलेत. मान अवघडलीय. डाव्या तळव्यावर निळ्या शाईत लिहिलंय: हे देवाने सांगितलं नव्हतं, मी बोललो होतो. अक्षर माझंच आहे, वाकडं. कधी लिहिलं ते आठवत नाही.

मोरीत जाऊन साबण लावून घासतो. फिकट होतं, जात नाही.

ओल्या हाताने केतुराला फोन लावतो. बराच वेळ वाजतो.

"काका, उत्तरं मेल करा ना," ती म्हणते. "फोनवर नको."

"त्यातलं नाही, पपाला दिलेल्या वचनाचं आहे," मी म्हणतो, आणि तळव्यावरची ओळ तिला वाचून दाखवतो.

ती फोन ठेवत नाही.