आतोबांची मोजणी

जगातली प्रत्येक गोष्ट तपासून द्यायला देवाने आपल्यालाच नेमलं आहे, अशा थाटात माझे आतोबा जगले. रत्नागिरीच्या शाळेतल्या मास्तरकीतून ते निवृत्त झाले, पण कानावरची तांबडी पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. कुणाची लग्नपत्रिका आली की सुधारून वधूपित्याला परत! पूर्णगडच्या गाडीची वेळ फळ्यावर चुकीची लिहिली म्हणून एकदा ते कंडक्टरशी इतका वेळ भांडले, की गाडी गेली आणि हे फळ्यासमोर उभे. बाजारात तर विचारू नका. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी, म्हणजे खवल्यांचा मासा तेवढा आम्हांला चालतो, आणि रत्नागिरीत राहून कोळंबीकडे पाठ फिरवायची म्हणजे काय हाल होतात ते आमचं आम्हांला ठाऊक. आतोबा भिंग लावून खवले बघायचे. मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, “मास्तर, मासा घेताव का पोरगी बघायला आलाव?” आतोबा म्हणाले, “पोरगी बघताना भिंग नव्हतं, म्हणून आता जपतो.” हे आत्याच्या कानावर गेलं तेव्हा ती दोन दिवस हसत होती.

दर रविवारी दुपारी आमच्या आळीच्या तोंडाशी फणसाखाली मिशनचा प्रचारक येऊन उभा राहायचा. पुस्तिका वाटायचा, आमच्याच शास्त्रातले दाखले देऊन आम्हांला ख्रिस्ताकडे बोलवायचा. सगळी आळी दारं ओढून घ्यायची. आतोबा मात्र खिडकी सताड उघडून खुर्ची टाकून बसायचे. “चुकलं! हे मोशेने नाही, यहोशवाने म्हटलंय!” असं आतून ओरडायचे, आणि प्रचारक बिचारा “बरोबर, बरोबर” म्हणून दुरुस्त करून पुढे जायचा. पुस्तिका तर ते रात्री बसून तपासायचे आणि पुढच्या रविवारी शेरा मारून परत करायचे, ‘पस्तिसांपैकी नऊ. संदर्भ पाहून पुन्हा लिहिणे.’ एकदा अकरा दिले होते, तेव्हा खाली ‘प्रगती आहे’ असंही लिहिलं होतं. इतक्या वर्षांत आमच्या आळीतून एक माणूस बाटला नाही, पण प्रचारकाचं पाठांतर मात्र पक्कं झालं.

हसायचो आम्ही. पण तो प्रचारक आतोबांचा सख्खा धाकटा भाऊ, आमचा काका होता, हे आठवलं की हसू मावळायचं. आई गेली तेव्हा तो रांगता होता. नवी नवरी म्हणून आलेल्या माझ्या आत्याने त्याला कडेवर घेऊन वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. जे काय ते हेच. ऐन तारुण्यात त्याने बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी आतोबांनी सदरा फाडला आणि माणूस मेल्यावर बसतात तसे सात दिवस जमिनीवर बसले. आठव्या दिवशी उठले ते, “माझा भाऊ वारला,” एवढंच सांगत. बाहेर भाऊ फणसाखाली ओरडतोय आणि हे आत म्हणताहेत, वारला! आत्या मात्र रविवारी मागच्या दाराने त्याला बोय माशांचं कालवण आणि घावणे द्यायची. आतोबांनी विचारलं तर म्हणायची, “मांजराला घातलं.” “मांजर फार जेवतं हल्ली,” असं म्हणून आतोबा पुस्तिकेत डोकं घालायचे. कळत का नव्हतं त्यांना? सगळं कळत होतं.

मग लोक इस्रायलला जायला लागले. मिशनला जे जमलं नाही ते बोटीने दोन-तीन वर्षांत करून दाखवलं. आज या घराला कुलूप, उद्या त्या. आमच्याही घरी कागदपत्रं चालली होती. अशात, आंब्याच्या ऐन दिवसांत, आत्या गेली.

माती देऊन संध्याकाळी आम्ही परत आलो. आता कद्दीश म्हणायचा होता. गेलेल्या माणसासाठी म्हणायची ही प्रार्थना, पण तिला आमच्यातले दहा जाणते पुरुष लागतात. नऊ असले तर तोंड मिटून बसायचं. आणि आम्ही माणसं आकड्यांनी मोजत नाही, ते अशुभ. दहा शब्दांची एक हिब्रू ओळ आहे, ‘तुझ्या लोकांना तार’ अशा अर्थाची. एकेका तोंडाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. आतोबांनी म्हटली. नववा शब्द माझ्यावर आला, आणि पुढे भिंत. ‘सदासर्वकाळ’ या अर्थाचा शेवटचा शब्द घेणारं कुणी नव्हतं. त्यांनी उजवीकडून मोजलं, मग डावीकडून. मास्तर खरे, उत्तर चुकलं की गणित पुन्हा करायचं! शेजारचा होडीवाला अब्दुलचाचा कोपऱ्यात बसला होता, तो रडवेला होऊन म्हणाला, “मास्तर, मी होऊ का दहावा? वहिनीच्या हातचं जेवलोय मी.” आतोबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

शेवटी मीच धीर केला. “आतोबा, काका बाहेर उभे आहेत. सकाळपासून.”

“मेलेल्याला मोजत नाहीत,” आतोबा म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला, की उठून जावंसं वाटलं. ज्या बाईने जन्मभर या दोघांची उष्टी-खरकटी काढली, तिच्या नावाने चार ओळी म्हणायला यांचा हट्ट आडवा! तेवढ्यात आतोबांनी चौथ्यांदा ओळ सुरू केली, या वेळी दाराकडे तोंड करून, खणखणीत. नववा शब्द झाला आणि ते थांबले. ओटीवरून दहावा शब्द आला. आवाज फुटलेला होता, पण उच्चार अगदी आतोबांनी शिकवलेला.

आता हे ओरडणार, असं आम्हांला वाटलं. आतोबा उठले आणि त्यांनी कद्दीश म्हणायला सुरुवात केली. पहिलं ‘आमेन’ बाहेरून आलं. नंतर आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, “मास्तर, हे शास्त्रात बसतं का?”

“नाही बसत,” आतोबा म्हणाले. “चूक माझी धरा.”

सातही संध्याकाळी काका आले, ओटीवर उभे राहिले आणि गेले. आत या असं कुणी म्हटलं नाही, तेही आले नाहीत. पुढे प्रचाराला ते आमच्या आळीत कधी फिरकले नाहीत. आतोबा मात्र रविवारी खिडकी उघडून बसायचे, आणि त्यांना चुका काढायला काही नसायचं, ते बघवत नसे.

वर्षभरात आमची निघायची वेळ आली. मी पाया पडून म्हणालो, “आतोबा, तुम्हीही चला. इथे आता राहिलंय कोण?”

ते बराच वेळ माझ्या ट्रंकेची दोरी आवळत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, “तो एकटा पडेल रे इथे.”