बोल्ट्याच्या घरचा स्वयंपाक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या दोघांना कंपनीत कुणी नावानं हाक मारत नसे. एक सहा फुटांच्याही वर गेलेला, दारातून वाकून येणारा, तो बोल्ट्या. दुसरा त्याच्या काखेपर्यंत कसाबसा पोहोचणारा; तो नट्या. एकोणीस वर्षं दोघांची जोडी कुणी फोडली नव्हती. "एकाला हलवलं तर दुसरा गळून पडेल," असं स्टोअरवाला म्हणायचा आणि दरवेळी स्वतःच हसायचा.

नट्याचा हात कामात चांगला होता, पण त्याचं नाव झालं होतं ते डब्यामुळे. तो बारा वर्षांचा असताना आई अंथरुणाला खिळली. वडील भाजी करपवायचे आणि वर भांड्यालाच शिव्या द्यायचे. शेवटी पोटात कावळे कोकलायला लागल्यावर नट्यानं पातेलं हातात घेतलं, ते पुन्हा खाली ठेवलं नाही. त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. ती चारचौघांत सांगायची, "मी ह्याला हो म्हटलं ते ह्याच्या हातचं खाऊन. तोंड बघून कोण म्हणणार?"

दुपारी डबे उघडले की बोल्ट्या स्वतःचा डबा नट्यापुढे सरकवायचा आणि नट्याचा ओढून घ्यायचा. "वहिनीचा डबा आहे तुझ्यापुढे, मान राख," म्हणायचा. वहिनी म्हणजे बोल्ट्याची बायको. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, आणि स्वयंपाक ही तिला सकाळी उरकून टाकायची गोष्ट वाटायची. नट्यानं एकोणीस वर्षं तो डबा निमूट खाल्ला.

लिफ्टच्या कामात एक नियम आहे. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते त्या शाफ्टमध्ये एक जण उतरला, की दुसऱ्यानं वर मशीनरूममध्ये मुख्य स्विचपाशी उभं राहायचं. जागचं हलायचं नाही. शाफ्टमधल्या माणसाचा जीव त्या दुसऱ्याच्या हातात असतो. नियम सगळ्यांना पाठ होता, आणि माणसं कमी पडली की साहेब तो सगळ्यांना विसरायला लावायचा.

आदल्या वर्षी एका इमारतीत नट्याचा पाय लिफ्टच्या टपावरून सटकला. बोल्ट्यानं कॉलर धरून त्याला वर ओढला आणि दोघं त्यावर पोट धरून हसले. पण नट्याच्या आतलं काहीतरी त्या दिवसापासून जागेवर बसलं नाही. शाफ्टमध्ये खाली बघितलं की तळहाताला घाम सुटायचा, पाना निसटायचा. हे त्यानं बायकोला सांगितलं, बोल्ट्याला नाही. एकोणीस वर्षांच्या जोडीदाराला 'मी भितो' असं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्यानं गुपचूप दुसऱ्या कंपनीत अर्ज टाकला. तिथं सरकते जिने दुरुस्त करायचे होते, सगळं काम जमिनीवर उभं राहून.

मुलाखतीच्या मंगळवारी सकाळी त्यानं बोल्ट्याला फोन केला. "ताप आहे रे. आज नाही येत."

"झोप काढ," बोल्ट्या म्हणाला. "मी बघतो."

मुलाखत झाली. तिथल्या फोरमननं फारसं विचारलंच नाही. पहिल्या तारखेपासून या म्हणाला. नट्या इस्त्रीच्या शर्टात फुटपाथवर उभा राहून बायकोला आनंदाची बातमी द्यायला फोन काढत होता, तेवढ्यात स्टोअरवाल्याचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. आठ मजली इमारतीत बोल्ट्या एकटाच लिफ्टच्या टपावर चढला होता. मुख्य स्विच बंद करून त्यानं 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली होती. पाटी खाली पडली. लोक जिने चढून वैतागले होते, ते वॉचमनच्या मागे लागले. वॉचमननं वर जाऊन पाहिलं. मशीनरूममध्ये कुणी नव्हतं. त्यानं स्विच चालू केला.

अंत्यविधीला नट्या सगळ्यांच्या मागे उभा राहिला. कंपनीतल्या प्रत्येकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच विचारलं, "आता ताप कसा आहे?"

पाचव्या दिवशी त्याची बायको कामावरून आली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "स्टोअरवाला भेटला होता. त्या घरात अजून कुणी धड जेवलेलं नाही. चहा आणि पाव. म्हातारे सासरे तर तेही घेत नाहीत. तू जा. तुला येतं ते कर."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तोंड राहू दे," ती म्हणाली. "हात घेऊन जा."

त्या घरात सुतक पाळत नसत, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं कोंबडी घेतली, बटाटे, गाजरं, कांदे आणि जुना तांदूळ घेतला. स्वतःची सुरी कापडात गुंडाळली आणि साडेचारला बोल्ट्याच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दारापाशी बोल्ट्याचे बूट होते, होड्यांएवढे. कुणाला ते हलवायचं सुचलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता.

वहिनीनं दार उघडलं. तिनं त्याच्या हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं. "या भावजी," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

खिडकीपाशी बोल्ट्याचे वडील बसले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, आता कानानं पार बहिरा झालेला. मांडीवरच्या चादरीची कड ते बोटांनी दुमडत होते, सोडत होते, पुन्हा दुमडत होते. दोन मुली होत्या. मोठी तेरा वर्षांची, पुस्तक उघडून एकाच पानावर बसलेली. धाकटी सहा वर्षांची.

स्वयंपाकघरात बेसिन अर्धवट प्यायलेल्या कपांनी भरलं होतं. लोकांनी आणलेले गोडाचे डबे फ्रिजमध्ये एकावर एक रचले होते, कुणी न उघडलेले. नट्यानं बाह्या सारल्या, आधी सगळे कप घासले. मग चिरायला घेतलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. या घरात भांडी बोल्ट्या घासायचा, म्हणून ओटा त्यानं स्वतःच्या उंचीचा बांधून घेतला होता. तो नट्याच्या छातीला लागत होता. मोठी मुलगी उठली आणि तिनं एक पाट आणून त्याच्या पायाशी ठेवला. त्यावर चढून नट्या कांदा चिरू लागला, आणि डोळ्यांतून पाणी यायला त्याला कारण मिळालं.

कांदा त्यानं मंद आचेवर ठेवला, घाई केली नाही. तो लालसर झाल्यावर कोंबडीचे तुकडे टाकले, वर गरम पाणी, मिरी, लसूण. वास बाहेरच्या खोलीत गेला तशी धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"काका, बाबा तुमचा डबा खायचे ना?"

"हो."

"मग तुम्ही काय खायचे?"

"तुझ्या आईचा."

ती जरा विचारात पडली. "आईचा चांगला नसतो."

"गप गं," मोठी बाहेरच्या खोलीतून म्हणाली. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या ओठांच्या कडा हलल्या, आणि मग ती तोंडावर हात दाबून मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. नट्या गाजरं सोलत राहिला.

सात वाजता त्यानं पानं वाढली. गरम भात, त्यावर पातळ रस्सा, मऊ शिजलेले बटाटे. म्हाताऱ्यांसाठी तुकडे बोटांनी सोडवून, हाडं काढून दिले. सुरुवातीला सगळे ताटाकडे नुसते बघत होते. धाकटीनं पहिला घास घेतला, मग मोठीनं. म्हाताऱ्यांनी भात कालवला, चार घास खाल्ले, पाणी प्यायले. मग त्यांनी मान वर केली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं विचारलं,

"तू कुठं होतास त्या दिवशी?"

धाकटीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुम्ही दोघं असायचात ना? एक आत, एक बाहेर. तोच सांगायचा मला. तू कुठं होतास?"

नट्यानं तोंड उघडलं. 'ताप होता' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. पाच दिवस तेच बोलून ते गुळगुळीत झाले होते. पण वहिनी मध्येच सासऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, आधी जेवा. निवतंय." म्हाताऱ्यांनी भातात हात घातला. सगळं ताट त्यांनी संपवलं.

जेवणं झाल्यावर मुली आत गेल्या. नट्या पाटावर उभा राहून भांडी घासत होता, वहिनी पुसत होती.

"वहिनी, मला ताप नव्हता," तो भांड्यांकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे मला."

त्यानं नळ बंद केला.

"ह्यांनाही माहीत होतं," ती म्हणाली. "तुमचा तो नवा फोरमन ह्यांच्या जुन्या ओळखीचा. त्यानं आठवड्याआधीच फोन करून विचारलं होतं, माणूस कसा आहे म्हणून. ह्यांनी तुमची इतकी तारीफ केली की मीच म्हटलं, माझी कधी एवढी केली नाही."

नट्यानं ओले हात शर्टाला पुसले.

"मी म्हटलं, मग तोंडावर विचारा ना त्यांना. तर म्हणाले, त्याला सांगायची लाज वाटतेय, कशाला उघडं पाडू? मिळू दे त्याला." ती एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसत होती. "त्या सकाळी साहेब म्हणाला, एकटा जा, नाहीतर नट्याच्या घरी गाडी पाठवतो, तापातच उचलून आणतो. हे म्हणाले, गाडी नको, मी जातो एकटा. मला वाटेतून फोन केला, हसत होते. म्हणाले, गाडी गेली असती तर घर रिकामं सापडलं असतं बिचाऱ्याचं."

बाहेर म्हाताऱ्यांच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मी तुम्हाला माफ केलं असं म्हणायला हवं बहुतेक," ती म्हणाली. "जमत नाहीये."

"नका म्हणू."

"राग धरायला जाते तर तोही नीट धरता येत नाही. तुमच्यावर धरला की ह्यांच्यावर जातो. का गेले एकटे? घरी दोन मुली आहेत हे कसं आठवलं नाही?" तिनं ताटली खाली ठेवली. "स्वयंपाक चांगला झाला होता. बाबा जेवले. पण उद्यापासून येऊ नका भावजी. मी करीन, जसं येईल तसं. तुम्ही समोर असलात की मी दाराकडे बघत राहते, मागोमाग हे येतील म्हणून."

नट्यानं मान हलवली. सुरी धुऊन कापडात गुंडाळली.

"एक मात्र करा," ती म्हणाली. "कंपनीवाले म्हणतायत, ह्यांनी स्वतःच्या मनानं नियम मोडला. चौकशी आहे. तिथं खरं काय ते सांगा. माणसं एकटी पाठवतात ते सांगा. तुम्ही कुठं होतात तेही सांगावं लागेल."

"सांगतो," नट्या म्हणाला.

चौकशी तीन महिन्यांनी झाली. बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी एक उतारवयाचा माणूस बसला होता. शर्ट वरच्या गुंडीपर्यंत लावलेला, टाचा जुळवलेल्या. त्यानं विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"जोडीदार. बरोबर काम करायचो."

"मी वॉचमन," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "मी त्यांना पाहिलंच नव्हतं हो सकाळी. पाळी बदलली होती. कसे होते दिसायला?"

नट्यानं त्याला सांगितलं. उंची सांगितली, वाकून चालायची सवय सांगितली. वॉचमन प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, जणू पुढे कुणीतरी त्याला हेच विचारणार होतं.

आत नट्यानं सगळं सांगितलं. जिथं जिथं एकट्याला पाठवलं त्या इमारतींची नावं सांगितली. शेवटी ताप नव्हता हेही सांगितलं. तेव्हा साहेबानं वकिलाकडे बघून किंचित मान हलवली, आणि खोटं बोलून रजा घेणाऱ्याच्या शब्दाला कितपत अर्थ द्यायचा, असा प्रश्न लगेच आला. नट्या म्हणाला, "मी खोटं बोललो म्हणूनच मला माहीत आहे, तो एकटा का गेला ते."

महिन्याभरात कंपनीनं त्याला काढला. सरकत्या जिन्यांचं काम त्यानं आधीच, त्या घरून आल्यावर दुसऱ्या दिवशी, नाकारलं होतं. ज्याच्या शब्दावर ते मिळालं तो माणूस गेला होता. त्याच्या बायकोनं चार दिवस त्याच्याशी अबोला धरला आणि पाचव्या दिवशी स्वतःच कारखान्यात शब्द टाकला. आता तो तिथं शिलाईची यंत्रं दुरुस्त करतो. यंत्रं कमरेएवढी, पाय जमिनीवर. तरी अजूनही कधी पाना निसटतो.

अहवाल आला. दोष कंपनीचा आणि वॉचमनचा, असं त्यात होतं. कंपनीला ताकीद मिळाली, वॉचमनची नोकरी गेली. पण सातव्या पानावर एक ओळ होती: मृत कर्मचाऱ्यानं एकट्यानं जाण्यास स्वेच्छेनं संमती दिली. वहिनीनं ती ओळ वाचली आणि दुसऱ्याच दिवशी ती काढून टाकावी म्हणून अर्ज केला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. म्हातारे मध्येच गेले. दर दोन-तीन महिन्यांनी त्या अर्जाची तारीख लागते, तेव्हा वहिनी नट्याला कळवते. सकाळच्या बसनं दोघं जातात. ती पुढे बसते, तो मागे. उतरल्यावर ती मुलींच्या शाळेचं काहीबाही सांगते, तो ऐकतो. मग दोघं आत जाऊन बाकावर बसतात आणि नाव पुकारायची वाट बघतात. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळते.