कोरडे निघालेले तांदूळ

मला अक्षर ओळखता येत नाही, पण पुस्तक धरता येतं. आमची सून घरी बसून कॉलेजची परीक्षा देते, अन् विषय काय घेतला तर गुन्ह्याचा अभ्यास. धडा पाठ म्हणताना तिला समोर कोणीतरी लागतं. घरवालीला वेळ नाही, पोरगा कामाला सुरतेत, म्हणून पुस्तक धरायला मी. पहिल्या दिवशी ती अर्धा धडा म्हणून गेली, मग हळूच म्हणाली, "बाबा, उलटं धरलंय."

मी म्हणालो, "तुले काय फरक पडते? तू तर पाठच म्हणून राहिली."

आमच्याकडे सरकारी कारभार हिंदीत, म्हणून पुस्तक हिंदीत, समजावते मराठीत. पहिलाच धडा, गुन्हा म्हणजे काय. मला वाटलं, याला धडा कशाला पाहिजे, हे तर चौकातल्या कुत्र्याला पण मालूम आहे. पण नाही. ती म्हणाली, पाप वेगळं, चूक वेगळी अन् गुन्हा वेगळा. कायद्यात मना केलेलं केलं तरच गुन्हा. अन् नुसतं हातून होऊन भागत नाही, बहुतेक वेळा मनात पण तसं असावं लागतं.

"मग मी लग्नातून दुसऱ्याच्या चपला घालून आलो होतो, ते?"

"ती चूक, बाबा. तुमची नियत नव्हती."

"दोन्ही डाव्या पायाच्या होत्या," घरवाली आतून म्हणाली. "नियत असती तर जोडी तरी नीट आणली असती."

तेव्हापासून मला चाळाच लागला. मी केळी कापणाऱ्या टोळीत आहे, शाहपुरकडच्या मळ्यांत आमचं काम असतं. सकाळी टेम्पोत बसलो की मी एकेकाचं तोंड बघायचो. हा चूक करेल, हा पाप करेल. गुन्हा करेल असं तोंड काही सापडेना. सुनेला विचारलं तर म्हणाली, जुन्या काळी मोठमोठे शिकलेले लोक पण हेच करायचे, कवटी मोजायचे, जबडा बघायचे अन् सांगायचे, हा जन्माचा चोर.

"मग सापडले का चोर?"

"नाही. ते सगळं खोटं निघालं. त्यांच्या हिशेबाने तर बाबा, तुमचा जबडा..." अन् ती थांबली. पुढचं काही सांगेना. मी उठून आरशात बघून आलो.

असं आमचं चालू होतं, तेवढ्यात आमच्या मालकाच्या मळ्यातून बोअरच्या मोटरीची केबल गेली. चोर ती कापून नेतात, जाळतात अन् आतलं तांबं विकतात. आदल्या दिवशी मळ्यात आमचीच टोळी होती, म्हणून शंका आमच्यावर. मालकाने डोईफोडिया गावातून एका म्हाताऱ्या भगताला बोलावलं. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. ज्यांच्यावर शंका, त्यांना भगत मंतरलेले कच्चे तांदूळ देतो. ते चावायचे अन् केळीच्या पानावर थुंकायचे. ज्याचे ओले निघाले तो साव, ज्याचे कोरडे निघाले तो चोर.

सगळे गप उभे होते. मला गप उभं राहता येत नाही. मी पुढे झालो अन् म्हणालो, "पहिले मले द्या, भूक लागलीच आहे." टोळी हसली. मी चावले, थुंकलो. तांदूळ असे निघाले जसे आत्ताच गोणीतून काढले. मला वाटलं, आता तर अजून हसतील. मी आपला हसत होतो. मग बघितलं, हसणारा मी एकटाच.

बाकी सगळ्यांचे ओले निघाले.

मालक म्हणाला, "तू रोज हसवून राहिला, म्हणून तुझ्याकडे कोणाचं ध्यान गेलं नाही."

"मालक, मले तारेचं काम येत असतं तर मी केळी कापत बसलो असतो का?"

"ते चौकीत सांग. उद्या केळीची गाडी भरली की मी रिपोर्ट द्यायला जातो. नाव तुझंच देतो. अन् उद्या कामाला ये. नाही आला तर समजून घेईन."

घरी मी हे हसत सांगायला बसलो, पण अर्ध्यातच हसू संपलं. घरवालीने विचारलं, "घेतली का तुम्ही?"

"नाही."

"मग भाकर खा."

तिची चौकशी तेवढीच. सुनेची मात्र सुरू झाली. कोणी तुम्हाला बघितलं का? केबल कुठे विकली, काही पत्ता? तुमच्यापाशी काय सापडलं?

"तांदूळ. कोरडे."

"तो पुरावा नाही, बाबा. अन् दोष शाबित होईपर्यंत माणूस निर्दोषच धरायचा असतो."

"हे मालकाने वाचलंय का?"

ती म्हणाली, भीतीने तोंड कोरडं पडतं, म्हणून ही रीत निघाली असेल. पण भीती चोराला वाटते तशी ज्याच्यावर आळ येतो त्याला पण वाटते. तांदळाला त्यातला फरक कसा कळणार? हे मला पटलं, पण माझ्यावर बसेना. मी तर घाबरलोच नव्हतो. माझ्याइतकं खुशीत कोणी तांदूळ चावले नसतील.

ती विचारात पडली. मग म्हणाली, "त्याच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काही नाही. सकाळी भगत यायच्या जरा आधी ते केळं, बस."

"कोणतं केळं?"

आता सांगायला लाज वाटते. गाडी भरायला आली की मी ड्रायव्हरसमोर एक खेळ करतो. हिरवं कच्चं केळं सालीसकट चावतो, डोळे मिटतो अन् भविष्य सांगतो, "हा माल दिल्लीच्या अलीकडेच पिकेल." मला त्यातलं काही समजत नाही. पण ड्रायव्हर हसतात. चीक तोंडभर बसतो, जीभ लाकडासारखी होते, तेवढं सोसायचं.

सून माझ्याकडे बघत राहिली. मी घरवालीकडे बघितलं. घरवाली चुलीला म्हणाली, "पाहिलं का? तोंडानेच घात केला, दरवेळीसारखा."

अन् गंमत बघा, सगळी टोळी जन्मभर केळीत. कच्च्या केळ्याने तोंड कसं कोरडं पडतं हे पोराबाळांना मालूम आहे. सगळ्यांनी मला ते केळं चावताना बघितलं होतं. पण भगताने मूठ उघडली अन् सगळे विसरले. मी पण.

सून म्हणाली, "मी येते उद्या."

मी म्हणालो, "नको. तू पुस्तक घेऊन आली तर लोक म्हणतील, वकील घेऊन आला, म्हणजे नक्कीच चोर."

सकाळी मी घरातलेच तांदूळ फडक्यात बांधून नेले. गाडी भरत आली, मालकाने मोटरसायकल काढली, तसा मी पुढे जाऊन उभा राहिलो. हातात कच्चं केळं.

"मालक, माझं नाव द्या, मी नाही म्हणत नाही. पण आधी हे चावा, अन् मग हे तांदूळ."

"येडा झाला का?"

आमचा मुकादम घडावर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, "चावा ना मालक. तुम्हाला काय भीती?"

आता ड्रायव्हर पण खाली उतरला. इतके लोक बघून राहिले म्हटल्यावर मालकाला चावावं लागलं. तोंड असं झालं की मला त्याची दया आली. मग तांदूळ चावले, पानावर थुंकला. ठणठणीत कोरडे.

मुकादम म्हणाला, "मालक, केबल कुठे ठेवली?"

मग त्याने स्वतः पण केळं चावून बघितलं. त्याचे पण कोरडे. टोळी हसायला लागली, अन् मी म्हटलं, सुटलो. पण मालक काही खुळा नाही. तो म्हणाला, "मान्य. आता तू बिना केळ्याचे चाव."

बोलला बरोबर. मी तांदूळ तोंडात टाकले. सगळ्यांचे डोळे माझ्या जबड्यावर, अन् मला जबड्यावरून सून काय म्हणाली होती ते आठवलं. मग चौकी आठवली. मी थुंकलो. कोरडे.

टोळी पानाजवळ सरकली.

मी म्हणालो, "मालक, काल भीती नव्हती, केळं होतं. आज केळं नाही, पण खरंच भीती वाटली."

मालक खाली वाकून पान बघत राहिला. तिघांचे तांदूळ एकमेकांत मिसळून गेले होते. त्याने विचारलं, "यातले माझे कोणते?" आम्ही पण वाकलो. कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात मळ्यातली कोंबडी आली अन् टिपायला लागली. पुरावा होता तेवढा सगळा तिने खाल्ला.

"बस मागे," मालक मला म्हणाला.

मी मोटरसायकलवर बसलो. चोर म्हणून बसलो की सोबत म्हणून, हे मला चौकीच्या दारापर्यंत मालूम नव्हतं. आत मुन्शीने सगळं लिहून घेतलं अन् शेवटी विचारलं, "किसी पर शक?"

मालकाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेव्हा कोणी तांदूळ दिले असते तर ते पण कोरडेच निघाले असते.

"नहीं साहब," मालक म्हणाला. "अज्ञात."

परत येताना मला राहवेना. सून म्हणते, जेवढे गुन्हे होतात त्यातले किती तरी चौकीत पोचतच नाहीत. मालकाची केबल मागे पण एकदा गेली होती. तेव्हा रिपोर्ट नाही, नुसता भगत. जैनाबादच्या एका गड्याचे कोरडे निघाले होते, तो पुन्हा कामाला आला नाही.

मी मागून म्हणालो, "मालक, त्या जैनाबादवाल्याने सकाळी काय खाल्लं असेल?"

"तुले कायले पाहिजे?"

"असंच. जाणून घ्यावं वाटते."

मालकाने गाडी हळू केली. मग मागे न बघता म्हणाला, "त्याचं घर मालूम आहे का तुले?"

"नाही. पण विचारत विचारत जाऊ," मी म्हणालो. "फक्त आधी कुठे तरी पाणी पाजा."