झालरीतली मुलगी

दिवाळीच्या आधी फळ्यांवर नवा कागद घातला नाही, तर मला घर आवरल्यासारखं वाटतच नाही. नाशिकला आई वर्तमानपत्र घालायची, पुढे चार बोटं लोंबतं ठेवायची आणि घड्या घालून त्याची झालर कापायची. इथे आखातात, अल नस्रमधल्या फ्लॅटमध्ये नवरा दरवर्षी सांगतो की प्लास्टिकचे तयार रोल मिळतात. मिळतात, मला ठाऊक आहे. मला कात्री चालवायची असते.

कागद मला समोरच्या फ्लॅटमधली रोमानियन शेजारीण पुरवायची. ती फिजिओथेरपिस्ट, पन्नाशी उलटलेली, खांदे माझ्या नवऱ्यापेक्षा रुंद. तिची आई तिकडून पार्सलने जॅमच्या बरण्या आणि मासिकांचा गठ्ठा पाठवायची. जॅम ती ठेवून घ्यायची आणि मासिकं न उघडताच मला आणून द्यायची. तिकडचं राजकारण वाचलं की डोकं उठतं, असं तिचं म्हणणं. कागद मात्र असा जाड की तेलाचा डबा ठेवला तरी फाटायचा नाही. त्यातलं अक्षरही मला कळत नसे, त्यामुळे कापताना हात अडत नसे.

दर शुक्रवारी सकाळी ती आमच्याकडे चहाला येते. मार्चमधल्या एका शुक्रवारी आली ती दारातच थांबली आणि दिवाळीआधी दिलेली मासिकं आहेत का, असं विचारू लागली. एरवी गडगडाटी आवाजात बोलणारी बाई इतकी हळू बोलत होती की मीच घाबरले.

मग तिने सांगितलं. तरुणपणी ती होड्यांच्या शर्यतीत वल्हवायची. चौघींची होडी होती. त्यातली एक आता तिकडे राजकारणात मोठी झाली आहे. त्या गठ्ठ्यातल्या एका मासिकाने खेळातल्या आणि राजकारणातल्या बायकांवर खास अंक काढला होता आणि त्या बाईंच्या लेखात चौघींचा जुना फोटो छापला होता. ऐंशीच्या पुढच्या आईने तो बघून अंक पाठवला आणि लेक आपणहून काही बोलेल म्हणून चार महिने वाट बघितली. शेवटी काल तिने विचारलंच, बघितलास का? आवाज नीट येत नाही, उद्या अकराला बोलू, असं सांगून हिने फोन ठेवला होता. आता साडेदहा झाले होते.

मला आधी तिचा रागच आला. सात वर्षांत मी तिला माझ्या पित्ताशयातल्या खड्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि हिने होडीचं नाव काढलं नव्हतं. मग माझ्या कात्रीची आठवण झाली आणि मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

आम्ही डबे उतरवायला लागलो. पोहे, भाजणी, गोडा मसाला, सगळं ओट्यावर आलं. तूरडाळीच्या डब्याखाली त्या पुढारीण बाई सापडल्या. अर्धं पान भरून हसत होत्या, एक डाग नाही. त्यांच्या खाली एक उभा फोटो होता. होडीत एकीमागे एक बसलेल्या मुली, तीनच. चौथी, सगळ्यांत पुढची, फळीच्या कडेवरून खाली गेली होती. माझ्या झालरीत.

ती मुलगी माझ्या ओळखीची होती. ओलं कपाळ, आवळलेले दात, आणि नक्षी काढताना माझ्याच कात्रीने उडवलेला एक कान. चार महिने चहा टाकताना मी तिच्याकडे बघत होते. मनातल्या मनात तिला कानकापी म्हणायचे. हिला एवढा कसला राग आलाय, असंही वाटायचं.

शेजारीण पुढे झाली. झालरीचं ते टोक तिने दोन बोटांत धरलं.

"हिला मी दर शुक्रवारी बघते," ती म्हणाली. "मला वाटलं, असेल कोणीतरी."

रडू मला आलं. ती स्टुलावर बसली, तिच्या नेहमीच्या, बरोबर त्या फळीसमोरच्या. मी पान सोडवायला हात घातला, चिकटवून फ्रेम करून देते म्हटलं. तिने माझं मनगट धरलं आणि मान हलवली.

अकराला फोन आला. स्क्रीनवर जाड चष्मा आणि पांढरे केस दिसले. तिने फोन फळीकडे वळवला, झालरीवरून सावकाश फिरवला आणि त्यांच्या भाषेत बोलत राहिली. मी सगळे डबे जागेवर ठेवले. तूरडाळीचा डबाही पुढारीण बाईंवर परत ठेवून दिला, काय करणार, त्याची जागाच ती. मग आधण ठेवलं.

फोन झाल्यावर मी विचारलं, आईला सांगितलंस तरी काय?

"सांगितलं की अंक आला त्याच आठवड्यापासून तो मैत्रिणीच्या किचनमध्ये लावलाय. चहा पिताना समोरच असतो."

यात खोटं काहीच नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं.

"मग आईने विचारलं," ती म्हणाली, "तू ओळखलंस का स्वतःला?"

मी चहा गाळता गाळता थांबले.

"मी म्हटलं, बघताक्षणी," असं म्हणून तिने कप पुढे केला.